तिसऱ्या जिन्याची कानबाई

प्रमिलाबाईला जन्मभर एकच दुखणं. गुडघ्याचं नाही, पित्ताचं नाही. त्या दुखण्याचं नाव पुष्पाबाई, राहणार देवपूर, नात्यानं सख्खी मोठी जाऊ.

मी समोरच्या दारातली शेजारीण. आमच्या दोन उंबऱ्यांमध्ये एवढीशीच जागा, की तिच्या कढईत मिरची पडली तर शिंक मला येते. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जिथं डोळे पोचले नाहीत तिथं भिंत पातळ होती, एवढं समजून घ्या.

धुळ्यात गिरणी कामगारांसाठी बोर्डानं बांधलेली ही वसाहत. तीन मजल्यांच्या इमारती, प्रत्येकीला तीन जिने, एका जिन्यावर बारा बिऱ्हाडं. आम्ही तिसऱ्या जिन्यातले, अगदी वरच्या मजल्यावर. इमारती नव्या होत्या तेव्हा घरातच नळ आणि घरातच मोरी बघायला गावाकडून माणसं यायची. मग गिरणी आचके देऊ लागली. दोन महिने चालू, चार महिने बंद. ज्याचे हातपाय धड तो खोलीला कुलूप घालून सुरतेला मागावर गेला. पण कुलूप दाराला लागतं, मोरीच्या पाइपाला लागत नाही. बंद खोल्यांच्या मोऱ्या तुंबल्या, भिंतींतून पाझरल्या. खालचा वरच्याला शिव्या द्यायचा, वरचा असायचा सुरतेला, म्हणून त्या मला ऐकाव्या लागायच्या. इमारतीमागची गटार फुटली ती फुटलीच. मैदानाचा उकिरडा झाला. जिन्यात दिवा लावला की कोणीतरी तो काढून आपल्या घरात लावायचं, म्हणून दिवा लावणंच बंद झालं. संध्याकाळी जिना चढताना खोकायचं, म्हणजे उतरणारा अंगावर येत नाही. खोकल्यावरून माणूस ओळखायचा, अशी आमची वसाहत. दुरुस्ती कोणी करायची याचा कागद कुठल्याशा दोन कचेऱ्यांमध्ये फिरत होता, आणि त्याची वाट बघत आम्ही नाकाला पदर लावून बसलो होतो.

आणि तिकडे पांझरा नदीच्या पल्याड, देवपुरात पुष्पाबाईचा बंगला! तिचा नवरा भाईदास आणि प्रमिलाबाईचा वना, दोघे सख्खे भाऊ. दोघे एकाच वर्षी गिरणीत लागले. भाईदासला लवकर अक्कल आली, तो गिरणी सोडून कापसाच्या दलालीत पडला. वनाला अक्कल आली नाही, तो सांचावर, म्हणजे मागावरच राहिला. त्या एका फरकातून बंगल्याला मोझॅकची फरशी आली, लोखंडी फाटकावर कमळ आलं आणि पुष्पाबाईच्या बोलण्यात ‘आमच्याकडे ना’ आलं. दोघांची म्हातारी आई भिकुबाई मात्र आमच्या जिन्यातच राहायची. देवपुरात तिला पंखा होता, गादी होती. पण म्हणायची, “तठे बठ्ठं शे, बोलाले कोनी नही.” तिथं सगळं आहे, पण बोलायला कोणी नाही.

आता प्रमिलाबाईचं पोट बंगल्यावरून दुखत होतं का? नाही. बंगल्यावरून माझं दुखायचं. तिचं दुखायचं कानबाईवरून.

खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगायला नको. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरात बसते. घराला आधी चुना लागतो, भांडं न् भांडं घासलं जातं, सारे भाऊबंद गोळा होतात. देवी म्हणजे घराण्याचा नारळ, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याला डोळे, मणी, नथ, लुगडं घालून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन परत आणतात. या घराण्याचा नारळ सासऱ्यांच्या मागे थोरल्याकडे गेला आणि पितळी डब्यात, देवपुरात राहिला. दर श्रावणात प्रमिलाबाई भिकुबाईला रिक्षात घालून तिकडे जायची. पुष्पाबाई रेशमी साडी नेसून देवीजवळ, आणि ही मागच्या पडवीत गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत. एकदा भाईदासनं फोटोग्राफर बोलावला. फोटोत देवी आली, पुष्पाबाई आली आणि कडेला प्रमिलाबाईचं कोपर आलं. तो फोटो चौकट करून बंगल्याच्या हॉलमध्ये टांगलाय. प्रमिलाबाई मला म्हणाली, “अक्का, सगळे म्हणतात किती छान फोटो. कोपर कोणाचं ते कोणी विचारत नाही.”

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. नदीवरून देवी परत येत होती, आम्ही वसाहतीतल्या बायाही बघायला गेलो होतो. पाच बायकांच्या देखत प्रमिलाबाईनं धीर केला. “जाऊबाई, पुढला साल कानबाई आमना घर बसाडूत का?”

पुष्पाबाई बंगल्यात राहायला गेल्यापासून शुद्ध बोलायची. थांबली, हसली आणि म्हणाली, “तुमच्याकडे? त्या गटारीवरून देवीला नेणार? अगं, देवी नाक धरील. आणि नाक धरलं की नथ पडेल ना!”

बाया खो खो हसल्या. मीही हसले. वाक्यच तसं झालं होतं. प्रमिलाबाई पण हसली.  रात्री भिंतीपलीकडे वनाला सांगताना मात्र ऐकू आलं, “पुढच्या श्रावणात देवी या खोलीत नाही बसली, तर मी देवपूरची पायरी चढणार नाही. तुमचा भाऊ मेला तरी नाही.”

वना गरीब माणूस. म्हणाला, “बरं.”

आता अडचण बघा. स्वतःच्या खोलीला चुना लावणं तिच्या हातात. पण देवीनं यायचं मैदानातून, ओलांडायची गटार, चढायचा जिना. खोली आरशासारखी केली तरी नाक खालीच धरावं लागणार. म्हणजे एका नारळासाठी अख्खी इमारत धुवावी लागणार होती, आणि इमारत म्हणजे आम्ही. सात बिऱ्हाडं राहती, बाकी पाच कुलूपबंद, आणि सातांत एकमेकांशी बोलणारी तीन.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. एक दिवस सकाळी झाडू घेतला आणि वरपासून खालपर्यंत जिना झाडून काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरची कुंदाबाई माझ्याकडे वर चढून आली, दम लागलेला. “अक्का, ही कोणाला दाखवती? आपण काय उकिरड्यात जन्मलो?”

“तिला विचार,” मी म्हटलं.

“मी कशाला विचारू?” असं म्हणून ती खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं तळचा कठडा राखेनं घासला, पायऱ्या पाण्यानं धुतल्या आणि वर रांगोळी काढली. रांगोळी! जिथं चपला हातात घेऊन चढावं लागायचं तिथं! ती रांगोळी बघून मधल्या मजल्यावरच्यांना झोप लागेना. आणि प्रमिलाबाईच्या ध्यानात आलं, की आपल्याला जो आजार आहे तोच साऱ्या जिन्याला आहे. विनंती करून जे हलणार नाही ते पोटदुखीनं हलेल.

तिनं हेच औषध मग घरोघर वाटलं.

मधल्या मजल्यावर मगन राहायचा, गिरणीतला फिटर. हात सोन्याचे, पण स्वतःच्या घरचा नळ दोरीनं बांधलेला. प्रमिलाबाई त्याच्या दारात उभी राहून सहज म्हणाली, “मगनभाऊ, दुसऱ्या जिन्यातले गटारीसाठी बाहेरून फिटर आणणार म्हणे. म्हणत होते, मगनला सायकलचं पंक्चर काढू द्या.”

दुसऱ्या जिन्यातले असं काहीच म्हणाले नव्हते. त्यांना गटार आहे हेच विसरायला झालं होतं. पण मगन पेटला. रविवारी सकाळी कुदळ घेऊन मागे गेला, बनियनवर, आणि दुसऱ्या जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “या रे, बघा पंक्चर!” ते बिचारे गॅलरीत दात घासत होते. त्यांना वाटलं, हा आपल्याला हिणवतोय. तासाभरात त्यांचीही कुदळ निघाली. दोन जिने पाठीला पाठ लावून खणत होते आणि मध्ये कोण पुढे गेलं ते बघायला पोरं धावत होती. वनासुद्धा घमेली वाहत होता. माझे मालक शालिग्राम, ज्यांनी घरात कधी तांब्या उचलला नाही, तेही विटा देत उभे होते. मी गॅलरीतून बघत होते. त्यांना विटा उचलता येतात हे मला लग्नानंतर एवढ्या वर्षांनी कळलं, आणि तेही प्रमिलाबाईच्या कामासाठी.

पाइपाच्या तोंडाशी काय अडकलं होतं? वरवंटा! पाट्याचा चांगला काळा वरवंटा. तो बाहेर निघाला तेव्हा सगळ्यांनी तळमजल्याकडे बघितलं, कारण कुंदाबाईचा वरवंटा दोन वर्षांपूर्वी हरवला होता आणि तिनं त्यावरून निम्म्या जिन्यावर चोरीचा आळ घेतला होता. कुंदाबाई म्हणाली, “माझा नाही.” तो चार दिवस भिंतीशी पडून होता. पाचव्या दिवशी नव्हता. त्यानंतर तिच्या घरची चटणी आली की आम्ही आज उपास आहे म्हणतो.

तळमजल्यावरच ज्ञानचंदशेठचं घर आणि त्याच्या खिडकीतच किराणा दुकान. आजोबा मारवाडातून आले, शेठ मात्र आमच्यापेक्षा जास्त खानदेशी. त्याला प्रमिलाबाई म्हणाली, “शेठ, पलीकडच्या इमारतीतल्या किराणावाल्यानं जिन्यात दिवा दिला म्हणे. लोक तिकडंच वळायला लागले, उजेडाला.” शेठनं रात्रीत दिवा लावला. दिव्याला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि जाळीखाली पाटी, ‘ज्ञानचंद किराणा’. खोलीला कुलूप असतं, तिजोरीला असतं. दिव्याला कुलूप मी पहिल्यांदा पाहिलं. पण दिवा राहिला बरं का. आता खोकायची गरज उरली नाही. उलट कोण कोणाकडे जातं ते वरून स्वच्छ दिसू लागलं. एवढ्या कामासाठी मीही त्या दिव्याला मनातून आशीर्वाद दिला.

मग चुना. आम्ही चुन्यात थोडी नीळ घातली, भिंत पांढरीशुभ्र दिसावी म्हणून. दुसऱ्या जिन्यानं आमच्यापेक्षा शुभ्र व्हावं म्हणून दुप्पट घातली. त्यांचा जिना निळा झाला. अजून आहे, पुढच्या वेळी बघा. पहिल्या जिन्यात नुसती चार म्हातारी माणसं उरली होती. त्यांनी सुरतेच्या पोरांना निरोप धाडले, की या आणि रंग द्या, इथं आपली अब्रू चालली. दोन पोरं खरंच आली. मैदानातला उकिरडा कोणी उचलावा यावर तिन्ही जिन्यांची भांडणं झाली, आणि शेवटी तिघांनी आपापल्या दारासमोरचा उचलला. हद्दीवरचा एक ढीग तेवढा दीड महिना तसाच होता.

आषाढ सरत आला तेव्हा प्रमिलाबाईनं फोडलं. सगळ्या बाया दळण निवडत जिन्यात बसलो होतो. म्हणाली, “यंदा आपल्या जिन्यात कानबाई आणायची म्हणते.”

कुंदाबाईनं सूप खाली ठेवलं. “म्हणजे हे सगळं जावेला दाखवायला? माझ्याकडून पायऱ्या घासून घेतल्यास तू?”

“तू तर मला दाखवायला घासल्यास ना?” प्रमिलाबाई म्हणाली.

कुंदाबाई सूप उचलून जोरजोरात पाखडू लागली. पण घासलेल्या पायऱ्या आता परत कोण मळवणार?

आषाढातल्या शेवटच्या रविवारी भाईदास आणि पुष्पाबाई बघायला आले. पुष्पाबाईनं रिक्षातून उतरताच रुमाल नाकाला लावला. मैदान ओलांडलं, गटार कोरडी. जिना चढली, चुन्याचा वास. मधल्या मजल्यावर तिनं हळूच रुमाल काढून हुंगलं, काही मिळालं नाही, पुन्हा लावला. असा चेहरा पडला तिचा, की मला माझं सगळं जुनं दुःख विसरायला झालं. शेवटचा उपाय म्हणून तिनं प्रमिलाबाईच्या मोरीत जाऊन नळ सोडला. पाणी आलं. गच्चीवरची टाकी मगननं आदल्या आठवड्यात साफ केली होती.

“वना, हे कोणी केलं रे?” भाईदासनं विचारलं.

“जिन्यानं केलं, दादा.”

भाईदासनं गॅलरीत जाऊन खाली मैदान बघितलं. याच मैदानात तो कबड्डी खेळलेला. मग म्हणाला, “बसू दे यंदा इथं.”

“एकदाच हं,” पुष्पाबाई रुमालातून म्हणाली.

नारळ आला. पितळी डबा दोन्ही हातांत धरून प्रमिलाबाई जिना चढली. मी दार किलकिलं करून बघितलं. देवीसाठी जिना झाडला होता तसाच तिचा चेहरा झाला होता, लख्ख. मला फार बरं वाटलं असं म्हणणार नाही.

आता रोटाचे गहू. कानबाईचा नैवेद्य म्हणजे रोट, जाडजूड पोळ्या. घरोघरी रीत निराळी, पण या घराण्यात अशी, की भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचंच पीठ, त्याचेच रोट. ज्याची मूठ पडली त्यानं रोट खायचाच, ज्याची नाही त्याला कणही द्यायचा नाही. लग्न झालेल्या लेकीला देत नाहीत, तिथं शेजाऱ्यांची काय कथा. मुठी घालण्याचा मान सगळ्यात वडील बाईचा. म्हणजे भिकुबाईचा.

शनिवारी दुपारी ती परात घेऊन बसली. एका बाजूला पुष्पाबाई, एका बाजूला प्रमिलाबाई. दार उघडं, म्हणून आम्ही जिन्यातल्या बाया उंबऱ्याबाहेर. म्हातारी नाव घ्यायची आणि मूठ टाकायची. “भाईदासनी मूठ.” “वनानी मूठ.” मग नातवांच्या. मग गावाकडच्या पुतण्यांच्या. पुष्पाबाईनं परात ओढायला हात पुढे केला, तोच म्हातारी म्हणाली,

“मगननी मूठ.”

आणि टाकली.

“ज्ञानचंदनी मूठ. जीवरामनी मूठ.” जीवराम म्हणजे कुंदाबाईचा नवरा. एकेक करत जिन्यातल्या साऱ्या पुरुषांची नावं निघू लागली. मी मान पुढे काढली. आमच्या यांचं नाव येईना. मगनचं आलं, ज्याच्या घरचा नळ दोरीनं बांधलेला; शेठचं आलं, ज्यानं दिव्याला कुलूप लावलं; माझ्या माणसानं विटा दिल्या त्याचं काही नाही? शेवटी मी मोठ्यानं खाकरले. म्हातारीनं वर बघितलं. “हां, शालिग्रामनी मूठ.”

तोवर पुष्पाबाईला कंठ फुटला होता. “माय! काय केलंत हे? ही परकी माणसं! काढा ती!”

“कोनती मूठ काढू?” भिकुबाईनं परात तिच्यापुढे सरकवली. “दाखाड. मगनना गहू कोनता, तुना नवराना कोनता?”

पुष्पाबाई गव्हाकडे बघत राहिली. गहू गव्हासारखेच दिसत होते.

“माय, पण ते भाऊबंद नाहीत ना आपले,” प्रमिलाबाई कशीबशी म्हणाली.  एवढं वर्ष तिनं जे उभं केलं ते सासूनं सव्वा मुठीत घालवलं असं तिला वाटलं.

म्हातारी म्हणाली, “उन्हायाभर मी दारमा बशेल. हाई पोऱ्या माले माय म्हनेत, हात धरीसन जिना उतारेत. माय म्हने तो मना आंडोर. आंडोरनी मूठ पडस.” उन्हाळाभर ज्यांनी माय म्हणून तिचा हात धरला, ते सारे तिचे आंडोर, म्हणजे मुलगे.

पुष्पाबाईनं थेट नवऱ्याला हाक मारली. भाईदास आत आला, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “असं झालं तर देवी इथं बसणार नाही. घे ग तो डबा. देवपुरात नव्यानं गहू घेऊ.”

प्रमिलाबाई डब्यासमोर जाऊन उभी राहिली. तिथून हलेना. वना दारात आला आणि पहिल्यांदाच थोरल्या भावापुढे म्हणाला, “दादा, नव्यानं कसे घेणार? देवीच्या नावानं एकदा पडलेली मूठ परत कोठीत जाते का?”

“मग हेच गहू नेऊ.”

“न्या ना,” भिकुबाई म्हणाली. “पन ज्यानी ज्यानी मूठ शे, तो तो रोट खावाले तठे ई.”

 पुष्पाबाईनं दाराकडे बघितलं. दारात मगन होता, बनियनवर, पायांना चुना, मैदानातला चिखल घोट्यापर्यंत. त्याच्यामागे जीवराम पानाची पिंक तोंडात सांभाळत उभा. आणखी मागे आम्ही सगळे. तिच्या डोळ्यांसमोर मोझॅकची फरशी उभी राहिली असणार. आम्हा सर्वांची पावलं त्या फरशीवर, कमळाच्या फाटकातून आत, हॉलमध्ये, त्या फोटोखाली पंगत.

“राहू द्या,” ती घाईनं म्हणाली. “देवी आलीच आहे तर इथंच बसू द्या. तिला का हलवायचं?”

अशी कानबाई तिसऱ्या जिन्यात बसली.

रविवारी रोट, गंगाफळाची भाजी, खीर. ज्ञानचंदशेठ सूर्य मावळायच्या आत एकटाच येऊन जेवून गेला, कारण त्याच्या जैन धर्मात रात्री जेवण चालत नाही. मगन तीनदा वाढून घेऊन गेला, म्हणे मूठ सव्वा असते, दीड नव्हे, पण भूक दोनची आहे. रात्रभर बायांनी गाणी म्हटली. प्रमिलाबाई देवीजवळ बसली होती, माझी मोतिया साडी नेसून. स्वतःची चांगली नव्हती, म्हणून मागून नेली होती. फोटोग्राफर आला. फोटोत देवी आली, प्रमिलाबाई आली आणि माझी साडी आली. मी नाही आले.

सोमवारी देवी डोक्यावर घेऊन ती जिना उतरली तेव्हा दुसऱ्या जिन्यातले सगळे निळ्या भिंतीपुढे ओळीनं उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघून आम्ही फुगड्या जरा जास्तच घातल्या.

नदीवरून परत आलो आणि नारळ डब्यात ठेवायची वेळ झाली. प्रमिलाबाईनं डबा आपल्या फळीवर ठेवायला घेतला. पुढचं वर्ष तिनं मनात धरूनच ठेवलं होतं. इतक्यात कुंदाबाई पदर खोचून पुढे आली.

“डबा खाली द्या. पुढच्या श्रावणात आमच्याकडे.”

“तुझ्याकडे कशी?”

“जीवरामची मूठ पडली की नाही? रोट खाल्ला की नाही? मग भाऊबंद झालो. भाऊबंदांत देवी पाळीनं फिरते.”

प्रमिलाबाईनं आधाराला जावेकडे बघितलं. आणि पुष्पाबाई, जी दोन दिवस आमचा वाराही अंगाला लागू देत नव्हती, ती केवढ्या उमाळ्यानं कुंदाबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “अगदी बरोबर बोलताय तुम्ही! एकीनंच का धरून बसायचं? सर्वांची पाळी लागली पाहिजे!”

भाईदासनं मान डोलावली. खालून वर अशी पाळी ठरली. देवपूर सर्वांत शेवटी, पुष्पाबाईनं एवढं सोसलं, पण प्रमिलाबाईलाही मिळू दिलं नाही. तेव्हा प्रमिलाबाईचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. ती माझी शेजारीण आहे आणि मला अजून तिच्याकडून विरजण लागतं.

पुढच्या श्रावणात ती कुंदाबाईच्या मोरीशी बसून भांडी घासत होती आणि दर भांड्याला एक खोड काढत होती. भिंतीला ओल, दाराला कडी नाही, देवीला कसं चालेल? कुंदाबाईनं ओल काढली, कडी बसवली. त्या पुढच्या साली मगनकडे, तिथं गॅलरीचा कठडा हलतो म्हणाली. मगननं कठडा बदलला, आणि आपला तेवढा बदललेला दिसू नये म्हणून मजल्यावरचे सगळे बदलले. पाळी ज्याच्यावर येते त्याचं घर वर्षभर आधी प्रमिलाबाईच्या डोळ्यांखाली जातं, आणि तिला खोड मिळू नये म्हणून माणूस काय वाटेल ते दुरुस्त करतो. असे आम्ही सुधारलो.

मधल्या काळात गिरणी कायमची बंद पडली. वनाला एका कापसाच्या जिनिंगमध्ये रखवालीचं काम मिळालं. भाईदासनं बोलावलं, बंगल्यामागची खोली देतो, भाडं नको. भिकुबाई तोवर गेली होती, अडकायला काही नव्हतं. वना तयार होता. प्रमिलाबाई म्हणाली, “आणि पाळी? जिना सोडला की मूठ सुटते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी चूल लिंपली ती काय यासाठी?” गेली नाही.

शिवाय तिची एक आशा होती. ज्ञानचंदशेठनं पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, “आमच्या घरी कशी बसवणार? माझी पाळी मागे ठेवा, बघू कोणाला द्यायची ते.” तेव्हापासून प्रमिलाबाईनं सगळा किराणा त्याच्याकडूनच घेतला. बाजारात स्वस्त मिळो, उधारीवर मिळो, ही शेठच्या खिडकीशी. “शेठ, तुमची तूरडाळ काय सुरेख! शेठ, तुमची प्रकृती कशी?” शेठ हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. डाळ तोलायचा.

यंदापर्यंत जिन्यातल्या बाकी सगळ्यांची झाली, उरलो शेठ आणि मी. आठ दिवसांपूर्वी प्रमिलाबाई खिडकीशी गेली ती एकदम विचारायलाच. मी वरून कठड्याला टेकून ऐकत होते. शेठ डोकं खाजवत म्हणाला, “बाई, मी तुमचंच नाव घेणार होतो. पण घरात सायरबाई ऐकत नाही.”

आतून शेठची बायको सायरबाई बाहेर आली. हाताला चुना, कपाळाला चुना. “सगळ्या जिन्यात देवी बसली, एक माझंच दार कसं सोडून द्यायचं? मी काय परकी आहे? पाळी आमची, देवी आमच्याकडेच बसणार. आमच्या साधूमहाराजांना मी विचारून आले, ते नुसते हसले.”

प्रमिलाबाई पिशवी हातात धरून उभी राहिली. तूरडाळ घेतली नाही. जिना चढून वर आली आणि माझ्या दाराशी थांबली. मला आतून इतकं गार वाटत होतं की पंखा बंद केला तरी चाललं असतं.

“अक्का, पुढच्या वर्षी तुमची ना?”

“माझी,” मी म्हटलं. “त्याशिवाय कोणाची?”

तिनं माझ्या खांद्यावरून घरात बघितलं. भिंती बघितल्या, छत बघितलं, सावकाश. मग नजर मोरीशी येऊन थांबली.

“नळ गळतोय तुमचा,” ती म्हणाली आणि आपल्या घरात गेली.

संध्याकाळच्या आत मी मगनला बोलावलं.